थंब न लावलेला रविवार

रविवारी दुपारी दोन वाजता फोन आला तेव्हा सुशांत त्याच्या वडिलांना, आबांना, वरणभात भरवत होता. बाळकुमच्या ज्या खाजगी हॉस्पिटलात तो ऑपरेशन थिएटरचा टेक्निशियन होता, तिथल्या रुचिता सिस्टरचा फोन. अपघाताची केस येतेय, ताबडतोब निघ, असा निरोप.

आबांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. वर्षभरापूर्वी ते घरातून निघाले आणि शहाडच्या पुलाखाली सापडले. तेव्हापासून त्यांना एकटं सोडायचं नाही, असं ठरलं होतं. सोमवार ते शनिवार सांभाळायला बाई यायची, रविवारी सुशांत स्वतः घरी असायचा. घरात तिसरं कोणी नव्हतं. शेजारच्या कमळाबाईंचं दार त्याने वाजवलं, पण त्या लेकीकडे गेलेल्या. नाही म्हणावं तर कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपत होतं. शेवटी गॅसचा रेग्युलेटर काढला, आबांना टीव्हीसमोर बसवलं आणि बाहेरून कुलूप लावलं.

रांजनोली नाक्यावर कंटेनरची रांग लागलेली. बाइक फटीफटीतून काढताना त्याला सारखं वाटत होतं, आबा आता उठले असतील, बाथरूमकडे गेले असतील, तिथली फरशी ओली आहे. हॉस्पिटलला पोचायला सव्वा तास लागला.

तोवर नातेवाइकांनी पेशंटला मुंबईला हलवलं होतं. रुचिता सिस्टर जिन्यातच भेटल्या. काम झालंच नाही तर थंब लावू नकोस, उगाच वरून विचारणा होते, असं त्या हळूच म्हणाल्या. मशीनवर अंगठा, म्हणजे थंब, लावला की हजेरी लागायची, आणि हजेरी लागली की हॉस्पिटलला पैसे द्यावे लागायचे. याआधी दोनदा असंच झालं होतं आणि दोन्ही वेळा तो गुपचूप परत गेला होता. आज तो मशीनसमोर थांबला. इतक्यात कमळाबाईंचा फोन आला.

"सुशांत, मी आत्ताच लेकीकडून आले. आबा आतून दार बडवतायत. 'सखाराम, दार उघड' म्हणतायत. मी कुलूप फोडू का?"

सखाराम म्हणजे आबांचा धाकटा भाऊ, दहा वर्षांपूर्वी वारलेला. फोडा म्हणाला आणि सुशांत तसाच धावत खाली आला. थंब राहूनच गेला.

घरी पोचला तेव्हा आबा कमळाबाईंकडे चहात बिस्किट बुडवून खात होते. दोन्ही तळहात लाल झाले होते, एका बोटाचं नख निघालं होतं. त्यांनी सुशांतकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि विचारलं, "तुम्हाला कोण पाहिजे?"

त्या रात्री त्याने नेमणुकीचं पत्र कपाटातून काढलं. अकरावं कलम त्याने पूर्वी कधी नीट वाचलं नव्हतं. पाळीबाहेर बोलावल्यास, प्रत्यक्ष काम कितीही असो, किमान तीन तासांचा दीडपट पगार.

सोमवारी तो एचआरच्या अक्षदा मॅडमसमोर उभा राहिला. रविवारचे तीन तासांचे पैसे त्याने मागितले. ऑपरेशन झालं नाही, थंब नाही, मग आला होतास हे कशावरून, असं त्यांनी शांतपणे विचारलं. रजिस्टरमध्ये त्याचं नाव कुठेच नव्हतं. सुशांतने मोबाइलवर सिस्टरचा कॉल दाखवला. फोन आला म्हणजे तू आलास असं होत नाही, हे मॅडमचं म्हणणंही खोटं नव्हतं.

"सिस्टरना विचारा," तो म्हणाला.

रुचिता सिस्टरना बोलावलं गेलं. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. सुशांतला वाटलं, आता या नाही म्हणणार, आणि आपली नोकरीही जाणार.

"मी बोलावलं," त्या म्हणाल्या. "आणि थंब लावू नकोस हेही मीच सांगितलं. आधीही दोनदा सांगितलंय."

मॅडमनी ते लिहून द्यायला सांगितलं. सिस्टरनी लिहून दिलं.

पगारात त्या एका रविवारचे पैसे आले. आधीच्या दोन वेळांचे मिळाले नाहीत, त्यांची मुदत गेली असं सांगण्यात आलं. सिस्टरना मेमो मिळाला. सुशांतचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं, पण दरवेळी वर्षाचं असायचं ते या खेपेला सहा महिन्यांचं.

सुशांत सिस्टरकडे माफी मागायला गेला. त्यांनी ऐकून घेतलं नाही. आबांचं बोट कसं आहे, एवढंच विचारलं.

मग त्याने कमळाबाईंशी बोलून घेतलं. रविवारी त्या लेकीकडे जाणार नाहीत, बोलावणं आलं तर आबांजवळ बसतील, आणि त्या तीन तासांचे अर्धे पैसे त्यांचे. कमळाबाई आधी पैसे घेईनात. तुम्ही घेतले तरच मी निर्धास्त जाईन, असं तो म्हणाला तेव्हा त्या कबूल झाल्या.

सहा महिन्यांनंतर काय होणार ते त्याला अजून माहीत नाही. रविवारी जेवताना तो फोन ताटाशेजारी ठेवतो आणि आबांना भरवताना एक नजर त्या फोनवर असते.