मधुमहाराज आणि सतराचा पाढा

सकाळी आमच्या इमारतीच्या पहिल्या मजल्याच्या कठड्यावर काहीच नव्हतं. दुपारी तिथे मधमाश्यांचा नारळाएवढा घोस लोंबायला लागला आणि संध्याकाळपर्यंत खालच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. माश्या बघायला एवढी माणसं कशाला जमतील? ती मधुमहाराजांना बघायला जमली होती.

महाराजांना बोलावलं होतं आमच्या इमारतीच्या अध्यक्षांनी. ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले, नळावर हात कोपरापर्यंत धुतले आणि जिन्याच्या पायऱ्या इतक्या सावकाश चढले, की खालच्या एका आजोबांना वाटलं त्यांचे गुडघे दुखतायत.

"ही माशी नव्हे, ही माउली आहे!" वरून महाराजांचा आवाज आला. "तिला राग कोणाचा येतो? पाप्याचा! माझ्या अंगात पाप नाही, म्हणून तिच्या नांगीत विष नाही."

एवढं बोलून त्यांनी उघडा हात त्या घोसात मनगटापर्यंत घातला.

माश्या महाराजांच्या हातावर चढल्या, दंडावर फिरल्या. डसली एकही नाही. महाराज ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होते. मग त्यांनी तितक्याच सावकाश हात बाहेर काढला आणि जाहीर केलं, "उद्या सूर्य मावळायच्या आत या निघून जातील."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या खरंच निघून गेल्या. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. वास्तविक त्याच अध्यक्षांनी आदल्या दुपारी माश्यांवर मारायला फवाऱ्याचा डबा आणला होता.

माझं औषधांचं दुकान याच इमारतीत तळमजल्यावर आहे आणि शेजारच्या गाळ्यात माझ्या वहिनीचा दवाखाना. वहिनीच्या माहेरी मधपेट्या होत्या. डॉक्टर होण्याआधी तिने निम्मं बालपण माश्यांत काढलेलं. लोक औषधं घ्यायला येत तेव्हा ती त्यांना काउंटरपाशी उभी राहून सांगायची, "अहो, त्या जुनं घर सोडून निघालेल्या माश्या होत्या. निघताना पोटभर मध पिऊन निघतात. वाटेत थोडा वेळ कुठेतरी लटकतात, नवी जागा मिळाली की उडून जातात. राखायला जवळ ना मध, ना पिल्लं. मग उगाच डसतील कशाला?"

लोक ऐकून घेत, गोळ्यांची पाकिटं खिशात टाकत आणि म्हणत, "तुमचं बरोबर असेल हो डॉक्टरबाई. पण महाराजांनी हात घालून दाखवला."

यावर वहिनीकडे उत्तर नसे. म्हणजे उत्तर होतं, पण ते दाखवायला तेव्हा अंगणात माश्या नव्हत्या.

महिन्याभरात निम्म्या इमारतीच्या गळ्यात महाराजांच्या मंतरलेल्या मेणाच्या गोळ्या आल्या. गोळी गळ्यात असली की कुठलीही नांगी लागू पडत नाही म्हणे. शिवणाच्या मावशींनी सगळ्यात मोठी गोळी घेतली, आणि त्याला कारण होतं. माझ्या समोरच्या गाळ्यात त्यांचं शिवणकामाचं दुकान. गेल्या वर्षी त्यांना एक गांधीलमाशी चावली, तेव्हा तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं. वहिनीने तेव्हाच बजावलं होतं, "मावशी, पुढच्या वेळी नुसत्या सुजेवर भागायचं नाही. माश्यांपासून लांब राहा आणि चावलीच तर पळत माझ्याकडे या."

आता नेमकं त्यांच्याच शटरवरच्या पेटीत गांधीलमाश्यांनी घर केलं. महाराज त्या दिवशी अध्यक्षांकडे चहाला आले होते. मावशींनी त्यांना वाटेतच गाठलं.

"महाराज, यांचा पण बंदोबस्त करा ना."

महाराज गाळ्यापासून चांगले लांब थांबले. मान उंचावून पेटीकडे पाहिलं. आत-बाहेर करणाऱ्या पिवळ्या-काळ्या माश्या त्यांना तिथूनही दिसल्या असाव्यात.

"बांधल्या," ते म्हणाले.

"हात नाही घातलात?"

"आज स्पर्शाची आज्ञा नाही. पण बांधल्या. तुझ्या गळ्यात गोळी आहे ना? मग भिऊ नकोस."

महाराज चहाला वर गेले. मावशींनी निर्धास्तपणे कोपऱ्यातला झाडू घेतला आणि पेटीच्या फटीत खुपसला.

त्यांची किंकाळी मला दुकानात ऐकू आली. धावत गेलो तर मावशी कापडाच्या ढिगावर बसलेल्या. ओठ सुजलेले, अंगभर लाल चट्टे, श्वासाला शिटीसारखा आवाज. त्यांचा मुलगा "महाराज! महाराज!" करत जिन्याकडे ओरडत होता. महाराज उतरले, पण उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

"कोणी शिवू नका!" त्यांनी बाहेरूनच हुकूम सोडला. "आतलं पाप बाहेर पडतंय. कपाळाला मध लावा आणि पडू द्या."

वहिनी इंजेक्शन घेऊन पोचली, तर मुलगा दारात आडवा उभा.

"डॉक्टरबाई, महाराज शिवू नका म्हणालेत."

"बाजूला हो."

"पण काही उलटं झालं तर?"

"अरे, तिला श्वास घेता येत नाहीये! बघ तरी तिच्याकडे!"

तो वळून बघेपर्यंत वहिनी त्याच्या हाताखालून आत घुसली होती. तिने मावशींच्या मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं, त्यांना पाय लांब करून टेकवून बसवलं आणि मला गाडी काढायला सांगितली. हॉस्पिटलच्या वाटेवर त्या शिटीचा आवाज हळूहळू विरला.

दोन दिवसांनी मावशी घरी आल्या. आणि अंगणात महाराजांचा जयजयकार झाला!

"मध लावला आणि लगेच उतार पडला," अध्यक्ष भेटेल त्याला सांगत होते. इंजेक्शनचा उल्लेखही ते करायचे, नाही असं नाही. "डॉक्टरबाईंनीही काहीतरी टोचलं म्हणे," असा.

त्या दिवशी मला वहिनी पहिल्यांदा खरोखर चिडलेली दिसली. "भाऊजी, मला श्रेय नको आहे. पण पुढच्या वेळी हे लोक आधी मध शोधतील."

पुढची वेळ लवकरच आली, सुदैवाने निराळ्या रूपात. अंगणात उभ्या केलेल्या एका सायकलच्या हँडलवर पुन्हा मधमाश्यांचा घोस बसला. पुन्हा अध्यक्षांचा फोन, पुन्हा गर्दी, पुन्हा पांढरे कपडे. महाराज नळावर हात धूत होते तेवढ्यात वहिनी दवाखान्यातून बाहेर आली. आधी तिने वाकून घोस नीट न्याहाळला. मग घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि बाह्या दुमडल्या.

"आज मंत्र मी म्हणते," ती म्हणाली. "सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस..."

आणि तिने हात घोसात घातला.

"अहो डॉक्टरबाई!" कोणीतरी किंचाळलं. माश्या वहिनीच्या मनगटावर चढल्या. तिचा आवाज संथ होता, पण कानशिलावर घामाचा एक थेंब मला स्पष्ट दिसत होता.

"सतरा साते एकशे सतरा..."

"एकशे एकोणीस!" गर्दीतून एक आजी ओरडल्या.

"बघा," हात तसाच ठेवून वहिनी म्हणाली, "मंत्रातला शब्द चुकला तर अनर्थ होतो असं महाराज सांगतात. माझा पाढा चुकला. माश्या काही बोलल्या का?"

लोक हसले. महाराज नळ बंद करायचं विसरले होते.

वहिनीने हात अलगद बाहेर काढला. "आता महाराज, मावशींच्या पेटीतल्या त्या बांधलेल्या गांधीलमाश्या अजून तिथेच आहेत. तिथे तुम्ही हात घाला."

"शक्तीची परीक्षा घेत नसतात, बाई."

"मग इतके दिवस हात घालून दाखवत होतात ते काय होतं?"

तेवढ्यात अध्यक्ष पुटपुटले, "फोनवर हे नेहमी एकच विचारतात. माश्या कधी आल्या आणि पोळं दिसतं का."

"काय सांगता?" वहिनी वळली. "आणि पोळं दिसतं म्हटलं की?"

"की त्यांचं मौन असतं. पलीकडच्या इमारतीत मोठं पोळं होतं, तेव्हा तर चांगलं आठवडाभर होतं." बोलता बोलता अध्यक्षांचाच चेहरा उतरत गेला. "आजच आल्यात म्हटलं की मात्र लगेच निघतात."

"हीच त्यांची सगळी सिद्धी," वहिनी म्हणाली. "वाटेत टेकलेल्या माश्यांना बहुधा राग नसतो, आणि एक-दोन दिवसांत त्या आपणच जातात. पोळं असलं की आत पिल्लं असतात, मग त्या जिवावर उदार होतात. गांधीलमाशी तर एकटी चार-चारदा डसते. हे महाराजांना माझ्याइतकंच ठाऊक आहे, म्हणून ते पेटीपासून लांब उभे राहिले. आणि माझं बघून कोणी हात घालू नका. मी या माश्यांत वाढले, तरी आज घाबरले होते. मोठ्या आग्या माश्या असत्या तर मी दवाखान्याचं दारसुद्धा उघडलं नसतं."

तिचं बोलणं संपलं तेव्हा नळ वाहत होता आणि महाराज नव्हते.

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षित माणसं अंगभर पोशाख घालून आली आणि त्यांनी पेटीतलं घर काढून नेलं. सायकलवरच्या माश्या आपल्या आपण गेल्या. अध्यक्षांनी सूचनाफलकावर लिहिलं: माश्या टेकल्या तर लांब राहा, दगड मारू नका, फवारू नका, पोळं झालं तर जाणत्याला बोलवा, चावल्यावर श्वास लागला, तोंड सुजलं तर थेट हॉस्पिटल गाठा. खाली सही करताना त्यांनी 'अध्यक्ष' हा शब्द जरा बारीक अक्षरात लिहिला.

संध्याकाळी मावशींचा मुलगा दवाखान्यात आला. बराच वेळ वजनकाट्याशी चाळा करत उभा राहिला.

"डॉक्टरबाई, त्या दिवशी मी दारात तुम्हाला आणखी थोडा वेळ अडवलं असतं तर?"

मला वाटलं, वहिनी त्याची समजूत घालेल. तिने घातली नाही.

"तर तुझी आई गेली असती. महाराज म्हणाले असते, तिची वेळच भरली होती. आणि तू ते मान्य केलं असतंस. आई वाचली तर त्यांची कृपा, गेली तर तिचं नशीब. ज्याचं कधीच चुकत नाही ना, त्याला आधी विचारायचं, की तुमचं चुकलं हे आम्हाला कळणार तरी कसं?"

तो तिच्यासमोरच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "ते इंजेक्शन घरी ठेवता येतं का? कसं द्यायचं ते मला शिकवा."