मांडीवरून तळहातावर

मी कातडी बोलतेय. जन्म मांडीवरचा, सध्या मुक्काम उजव्या तळहातावर.

माझी मालकीण लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करायची. मी सदा कपड्यांखाली झाकलेली. ऊन नाही, वारा नाही. म्हणून काही बसून खात नव्हते. माझा वरचा पातळ थर झिजत राहायचा आणि खालून नवा येत राहायचा. त्याखालच्या जाड थरात रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं आणि स्पर्श सांगणाऱ्या नसा एकत्र नांदायच्या. उकडलं की घाम सोडायचा, गारठलं की काटा आणायचा, जंतूंना दारातच अडवायचं, अशी आमची कामं.

एके सकाळी वाफेच्या प्रेसमध्ये तिचा हात अडकला. तळहाताच्या कातडीचे दोन्ही थर जळाले. जिथे सगळ्यांत खोल भाजलं होतं तिथे दुखतच नव्हतं, आणि त्याचाच तिला धीर वाटला. डॉक्टरांनी सांगितलं, दुखायला तिथे नसाच उरल्या नाहीत. मग त्यांनी मला मांडीवरून पातळ सोलून तळहातावर बसवलं. मी रुजले, जगले. पण घाम आणि स्पर्श मागेच राहिले.

तिचे वडील आंधळे. लेकीला ते हातावरून ओळखायचे. दवाखान्यातून आल्यावर तिने त्यांचा हात धरला, तर त्यांनी तो चटकन काढून घेतला.

“कोण बाई तुम्ही?”

“बाबा, मीच आहे.”

“आवाज तुझा आहे गं. हात कुणाचा आणलास?”

ती हसली. मग न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली. तेव्हापासून ती आधी बोलायची, मगच हात लावायची, आणि तोही डावा. मला बाहीत लपवायची.

पुढे वडील अंथरुणाला खिळले. एकदा चाचपडताना त्यांची बोटं माझ्यावर आली आणि तिथेच फिरत राहिली.

“हाच राहू दे,” ते म्हणाले. “लहानपणी तुझा हात असाच मऊ होता.”

मग ती मलाच पुढे करू लागली. शेवटच्या दुपारीही त्यांचा हात माझ्यात धरून ती लॉन्ड्रीतल्या गमती सांगत होती. तो हात केव्हा थंड पडला, मला कळलंच नाही. धाकट्या बहिणीने येऊन त्यांच्या कपाळाला हात लावला, तेव्हा ती बोलायची थांबली.

आता माझा रंग काळवंडलाय, कडा ओढतात, मूठ पुरती वळत नाही. ती मला तेल चोळते, एका शब्दाने बोलत नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

तुमच्या तळहातावर मूळचीच कातडी आहे ना? मग आपल्या माणसाचा हात धरा. ऊब कळतेय तोवर धरा.