गायरानाच्या ठरावाची सतरंजी

मी एक जुनी सतरंजी आहे. बीड जिल्ह्यातल्या एका लहान गावाच्या ग्रामपंचायतीत मी राहते. गावातल्याच अजीजचाचांनी मला हातमागावर विणलं, तेव्हा माझे निळे-तांबडे पट्टे लांबून ओळखू येत. ग्रामसभा असली की नाथा शिपाई मला उन्हात झटकत, समाजमंदिरात अंथरत आणि मग घरोघर जाऊन माणसं बोलावून आणत.

मित्रांनो, ग्रामसभेला ठरलेली संख्या भरली नाही, तर सभा तहकूब होते. पण तीच सभा पुन्हा भरली की डोकी मोजावी लागत नाहीत. मग पाच जणांनी हात वर केले तरी ठराव होतो. गावात हे फार थोड्यांना ठाऊक होतं. नाथांना होतं. लोक उठू लागले की ते दारात उभे राहत. “तहकूब म्हंजे सभा मेली न्हाई, बसा,” म्हणत. सरपंच आप्पाराव विचारत, हा शिपाई हाय का वकील? लोक हसत, पण बसत.

गेल्या पोळ्यानंतर नाथा वारले. तेव्हापासून मला कोणी झटकत नाही. मी पाण्याच्या मोटारीशेजारी गुंडाळून पडलेली असते.

यंदा गावचं गायरान एका सौर प्रकल्पाला द्यायचा ठराव आला. रतनबाईंच्या शेळ्या त्याच गायरानावर चरतात. दुसरं रान त्यांना नाही. त्या सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या. नवा शिपाई बंकट कोणाच्या दारी गेला नाही. मोबाइलवर निरोप टाकला होता म्हणे. जेमतेम तीस माणसं जमली. आप्पारावांनी सभा तहकूब केली. आज ठराव होत नाही, तर शेळ्यांना पाणी तरी दाखवावं, म्हणून रतनबाईही उठल्या.

अर्ध्या तासानं माझ्यावर सात माणसं बसली. चहा आला. ठराव झाला.

रतनबाई शेळ्या घेऊन त्याच वाटेनं परतल्या, तेव्हा बंकट माझी घडी घालत होता. काय झालं, असं त्यांनी विचारलं.

“झाला की ठराव, मावशी. सर्वानुमते,” आप्पाराव म्हणाले.

“सर्व म्हंजे कोण कोण?”

आप्पारावांनी ठरावाची वही मिटली.

“मला थांब कावून म्हणला न्हाईत?”

“तुमीच उठून गेलत्या.”

रतनबाईंनी चपला काढल्या आणि अर्ध्या घडीवर येऊन बसल्या. बंकटनं माझं टोक ओढून पाहिलं. “उठा की मावशी, कुलूप लावायचंय.”

“लाव. पुन्हा सभा बोलवा, मग उठते.”

मित्रांनो, माणसं बसून सतरंजी विरते, त्याचं मला दुःख नाही. माझी मागची कड इतक्या वर्षांनी अजून नव्यासारखी आहे, ते मात्र सलतं. तुमच्या गावात सभा असेल तेव्हा घरच्या मोठ्यांना हाताला धरून न्या, आणि सतरंजी उचलेपर्यंत त्यांना उठू देऊ नका.

ऊन कललं आहे. शेळ्या दारात उभ्या आहेत. रतनबाई अजून बसल्या आहेत. त्यांच्या शेजारी पुष्कळ जागा आहे.