ठेंगणं दार

"डोकं सांभाय, पोरी!" आईची अहिराणीतली हाक सुरतेतल्या बमरोलीच्या लूमचा, यंत्रमागांचा खडखडाट ओलांडून यायची. गल्लीतला रस्ता दर खेपेला सिमेंटचा नवा थर घेऊन वर चढला. आमचं दार मात्र जागचं हललं नाही. रस्ता वाढला, दार ठेंगणं झालं.

तेच दार मी आमच्या व्हिडिओ गेममध्ये बांधलं. हरवलेल्या बहिणीला शोधत खेळणारा लूमवाल्यांच्या वस्तीत शिरतो. त्या वस्तीतली भिंतींची निळी ओल, मोरीवरचा तांब्या, खिळ्याला टांगलेला आरसा, सगळं माझ्या हातचं. सुरतेच्याच उंची वस्तीतल्या, वेसूतल्या आमच्या स्टुडिओत सगळ्यांना ते आवडलं. दार सोडून.

"उज्ज्वलाबेन, आ दरवाजो ऊंचो करो," आमचे मुख्य डिझायनर धर्मेंद्रभाई म्हणाले. ऑफिसात ते गुजरातीच बोलत, पुढचं मी मराठीत सांगते. खेळणारा अडकेल, चिडेल, माणसाला सरळ आत जाता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

"सरळ आत जातो तो पाहुणा, भाई. घरचा वाकतो."

"शायरी नको. संध्याकाळी लेव्हल पाठवायची आहे."

"मग आधी खेळून बघा. अडकलात तर मीच उंच करते. पण मग ती खोली दुकानात मांडल्यासारखी दिसेल, राहिल्यासारखी नाही."

आवाजाचं काम करणारी ज्योती खुर्ची सरकवत आली. "पैज का? हरेल त्याच्याकडून सगळ्यांना गरमागरम लोचो खायला!"

धर्मेंद्रभाईंनी कंट्रोलर उचलला. गल्ली ओलांडली. ज्योतीने भरलेला लूमचा ठेका घुमत होता, खटाखट, खटाखट. दार आलं. आणि वाकायचं बटण दाबण्याआधीच, बसल्या जागी त्यांची मान खाली गेली. जराशी तिरकी, खांद्याकडे. नवख्याची मान अशी जात नाही.

ज्योती खिदळली. "भाई, दार स्क्रीनवर आहे! टेंगूळ येणार नाही!"

ते हसले नाहीत. खोलीत फिरले, स्टोव्हपाशी थांबले. बाहेर यायची घाई दिसेना.

"करू उंच?" मी विचारलं.

"हात लावू नको त्याला."

कंट्रोलर त्यांनी मांडीवर ठेवला. इतकी वर्षं शेजारी बसलो, पण गाव विचारलं की 'सुरत' म्हणून विषय उडवायचे. आता हळूच बोलले, आणि बोलले ते माझ्या घरच्या अहिराणीत.

"आमनं घर बी आसंच व्हतं, बमरोलीमा. मन्ही माय आजबी तठेच राहस."