चव्वेचाळीसवर बसलेला काटा

कामठी रोडवरच्या तेलाच्या कारखान्यात सुमतीकडे पाण्याचं काम. गरम तेल थंड करणाऱ्या नळ्यांभोवती जे पाणी खेळतं, ते रोज तपासायचं आणि क्षार बसू नयेत म्हणून त्यात औषध सोडायचं. अकरा वर्षं तिनं हेच केलं. आणि आज तिच्या हातात पत्र पडलं, की औषधाची मात्रा तुमच्याकडून चुकली, त्यामुळे नळ्यांवर क्षार चढले, संध्याकाळपर्यंत कबुलीची सही द्या. सही म्हणजे नोकरी गेलीच.

नळ्या उघडल्या तेव्हा तिनं पाहिलं होतं. घरच्या कूलरच्या जाळीवर मे महिन्यात चढतो तसा पांढरा थर, पण छिन्नीनंही निघेना. पाणी पंचेचाळीस अंशांच्या वर गेलं की या बोरच्या पाण्यातला क्षार बसणारच, तिथे कुठलंच औषध पुरत नाही. पण तापमापकाचा काटा तर महिनाभर चव्वेचाळीसच्या पुढे सरकलाच नव्हता! बाहेर सत्तेचाळीसचं ऊन, आणि हा काटा एवढा गुणी कसा?

तणतणत ती त्या पाण्याच्या पाइपापाशी गेली. पाइपावर बांधलेल्या तापमापकाला ओलं पोतं गुंडाळलेलं होतं, माठाला गुंडाळतात तसं. ऑपरेटर बळीराम त्यावर डब्यानं पाणी ओतत होता.

"हे काय करून राहिले, बळीरामभाऊ?"

"साहेबानं सांगतलं, ताई. पंचेचाळीस झालं का घंटी वाजते, मशीन बंद पडते. म्हणून अर्ध्या-अर्ध्या घंट्यानं भिजवतो."

"अन् पाण्याचा दुसरा पंप काहून बंद हाय?"

"बिघडला. साहेब म्हणे, सीझन झाल्यावर पाहू."

सुमतीच्या अंगाचा तिळपापड झाला. पाणी अर्धं, उष्णता पुरी, वर ओल्या पोत्याचं सोंग. आणि नळ्या चोंदल्या की गुन्हेगार कोण, तर सुमती! बळीरामवर तिचा राग नव्हता. स्वतःवर मात्र होता. रोज सकाळी काट्यावरचा आकडा तिनंच वहीत उतरवला होता, एकदाही पाइपाला हात न लावता.

तिनं पाइपावरचा नळ उघडून त्याच पाण्यानं बादली भरली, ओढणीनं कडी धरली आणि सरळ मॅनेजर रजतसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन टेबलावर ठेवली.

"सही आणली?" साहेबांनी विचारलं.

"करते ना. पाणी चव्वेचाळीसच आहे म्हणता, तर दहा मोजेपर्यंत यात हात ठेवा. लगेच सही करते."

"सुमतीबाई, इथे तमाशा नको."

"तमाशा महिनाभर चालला, साहेब, खाली पोत्यावर. हात ठेवा, नाहीतर पत्रावरचं नाव बदला."

साहेबांनी बादलीकडे पाहिलं आणि दोन्ही हात टेबलाखाली नेले.