मार्लकूमच्या शिवेवरचा दगड

मी मार्लकूमच्या शिवेचा दगड बोलतोय. एरवी बोललो नसतो. दोन गावांची भांडणं ऐकत जन्म काढला, पण कधी मधे पडलो नाही. आता मात्र गप्प बसून चालायचं नाही. येत्या सोमवारी काही भली माणसं ट्रॅक्टर घेऊन येणार आहेत आणि मला उपटून माझ्या 'खऱ्या जागी' नेऊन बसवणार आहेत. त्याआधी तुम्ही माझं ऐकून घ्या.

माझा जन्म वरच्या टेकडीतल्या खाणीत झाला. एका पाथरवटाने मला घडवलं, एका अंगावर मार्लकूमचं पहिलं अक्षर कोरलं आणि दुसऱ्या अंगावर ऑल्डरस्टोकचं. इंग्लंडातली ही दोन शेजारची गावं. दोघांचं चर्च वेगळं, पाद्री वेगळा, आणि शेजारच्या गावाबद्दलचं मत मात्र एकच.

मला एका जुन्या ओकच्या झाडाखाली पुरलं. वर पांढऱ्या खडूची टेकडी आणि तिच्यावर चरणारी मार्लकूमची मेंढरं. खाली सॅलीचा ओढा. ओकपासून ओढ्यापर्यंत जे कुरण होतं ते ऑल्डरस्टोकचं; त्यांचं गाव ओढ्यापलीकडे. हिवाळ्यात ओढा फुगून त्यावर गाळ पसरवायचा, आणि मग उन्हाळ्यात तिथे असं गवत माजायचं की मार्लकूमच्या शेतकऱ्यांचा जीव नुसता जळायचा. 'आपल्याकडे मेली कुसळं, आणि त्या ऐद्यांकडे लोणी,' असं ते माझ्यावर बसून, भाकरी-चीज खाता खाता म्हणायचे. मी शिवेवरचा. मला दोन्हीकडचं ऐकू यायचं.

दरवर्षी मे महिन्यात गाव शीव फिरायला निघे. पुढे पाद्रीबाबा, मागे सगळा गाव, प्रत्येकाच्या हातात विलोची सोललेली काठी. शिवेचा दगड आला की त्याला काठ्यांनी झोडपायचं, प्रार्थना म्हणायची, बिअर प्यायची, केक खायचा. आणि मग लहान पोरं धरायची, हातापायांनी उचलायची आणि त्यांचं बूड दगडावर दाणकन आपटायचं. पोर भोकाड पसरायचं, मोठी माणसं खो खो हसायची. नकाशे कोणाकडे होते तेव्हा? शीव कुठे आहे हे गावाने असं पोरांच्या बुडावर लिहून ठेवलेलं असायचं. म्हातारपणी तोच माणूस साक्ष द्यायचा, मला इथे आपटलं होतं म्हणून. मला ही रीत कधी आवडली नाही. पण मला विचारतो कोण?

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नवरा नसलेल्या बाईचं मूल ज्या गावाच्या जमिनीवर जन्मेल, त्याच गावाने ते पोसायचं, असा तेव्हा कायदा होता. कायदा दयेचा होता, पण माणसांनी त्यातून भलतंच काढलं. अशी एखादी पोटुशी बाई गावात दिसली की गोरगरिबांचा कारभार बघणारा लगेच खर्चाचा हिशेब मांडायचा. दिवस भरण्याआधी तिला शिवेपलीकडे घालवायची. पलीकडचे तिला त्यांच्या पलीकडे घालवायचे. अशा किती बायका माझ्यासमोरून रडत गेल्या, मी मोजल्या नाहीत. मोजवल्या नाहीत.

त्या साली मार्लकूममध्ये हा कारभार आयझॅक ट्रस्कॉटकडे होता. गावातला सगळ्यात मोठा शेतकरी, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा. हिवाळ्यात मोठा पूर आला, कुरणावर गाळाचा थर बसला, सगळ्या खाणाखुणा बुजल्या. एका धुक्याच्या सकाळी ट्रस्कॉट आणि त्याचे दोन मुलगे बैल जुंपून आले. मला साखळदंड बांधला. ओकखालून उपटलं, कुरणातून फरफटत नेलं आणि थेट ओढ्याच्या काठावर आणून पुरलं. माझी जुनी जागा गाळाने लिंपून टाकली.

"पुराने ओढा सरकला म्हणायचं," ट्रस्कॉट मुलांना म्हणाला. "दगड आहे तिथेच होता. कळलं का? घरी आईलाही बोलायचं नाही."

असं अख्खं कुरण मार्लकूमचं झालं आणि मी, ज्याला सगळे खरेपणाची खूण मानायचे तो मी, उभ्या जागी खोटा झालो.

मे महिना आला. शीव फिरायच्या दिवशी मार्लकूमचा गाव वाजतगाजत ओढ्यापर्यंत उतरला. पण पलीकडच्या काठावर ऑल्डरस्टोकची माणसं आधीच उभी होती. त्यांच्याही हातात काठ्या होत्या, आणि त्या दगड झोडपायच्या काठ्यांपेक्षा जाड होत्या. पुढे त्यांचा कारभारी रूबेन गॅच. ठेंगणा, लालबुंद, बोलायला फटकळ.

"काय रे आयझॅक," तो ओरडला, "तुमच्या गावात दगडांना पाय फुटतात वाटतं?"

"दगड आहे तिथेच आहे. सरकला तो ओढा."

"लहानपणी माझं बूड याच दगडावर आपटलं होतं. डोळे उघडले तेव्हा डोक्यावर ओकच्या फांद्या होत्या. माझं डोकं विसरेल एक वेळ, पण माझं बूड विसरायचं नाही!"

ऑल्डरस्टोकची माणसं हसली, पण काठ्या काही खाली गेल्या नाहीत. दोन तरुण पोरं ओढ्यात उतरली सुद्धा. आता डोकी फुटणार असं मला वाटलं. मार्लकूमचे पाद्रीबाबा मधे आले. बिचारे गावात नवे होते, ओक कुठला आणि ओढा कुठला हेही त्यांना धड ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "आयझॅक, तू देवाला भिणारा माणूस आहेस. दगडावर हात ठेव आणि सांग. तू सांगशील ते मी खरं धरीन."

ट्रस्कॉटने माझ्यावर हात ठेवला. तळवा घामेजलेला होता. "ही शीव खरी आहे," तो म्हणाला. "या दगडाच्या आतली सगळी जमीन मार्लकूमची. देवाची शपथ."

आणि त्याच वेळी, ओक आणि ओढा यांच्या मधल्या विलोच्या झुडपांतून एक किंकाळी आली.

किंकाळी परत आली. मर्सी ॲप्लिन, गावातली सुईण, हातातला केक टाकून धावली. झुडपामागे डॉर्कस होती. दूध काढणारी पोर, कुठल्याशा शेतावरून हाकललेली, आणि तिचे दिवस पुरे भरलेले. गवतात हातापायांवर ओणवी झाली होती.

ट्रस्कॉटच्या तोंडचं पाणी पळालं. तिला त्यानेच सकाळी गावातून घालवलं होतं. आपल्या गाडीवानाला, नेडला, म्हणाला होता, तिला शिवेपार सोडून ये, मग मिरवणुकीला ये.

"नेड!" तो दात-ओठ खाऊन म्हणाला. "तुला मी काय सांगितलं होतं?"

नेड साधा माणूस. दगड हलवल्याचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. शीव म्हणजे ओक, हे त्याच्या पायांना जन्मापासून पाठ. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "मालक, शिवेपारच तर सोडलीय! ओकच्या चांगली पुढं! तिला चालवेना, म्हणून झुडपाआड टेकवली."

कोणी हसलं नाही. गॅचने तोंड उघडलं. त्याच्या मनात काय होतं ते मला दिसलं. ऐका, ऐका, ह्याचा गाडीवानसुद्धा ओकच म्हणतोय! पण शब्द ओठांवर आला आणि तिथेच थिजला. शीव ओकपाशी असेल तर कुरण ऑल्डरस्टोकचं, आणि कुरण ऑल्डरस्टोकचं तर येणारं मूलही त्यांचंच. गॅचने तोंड मिटलं.

दोन्ही कारभारी मूग गिळून एकमेकांकडे बघत राहिले. मधे ती पोर कण्हत होती.

"बोला की आता!" मर्सी तिकडून ओरडली. "मघाशी फार जीभ चालत होती दोघांची. ज्याचं कुरण त्याचं बाळ. कोणाचं कुरण?"

गॅच एक पाऊल मागे सरला. "आयझॅकने देवाची शपथ घेतलीय. आम्ही कोण ती खोटी म्हणणारे? कुरण त्याचं."

त्याने काखा वर केल्या. ट्रस्कॉटचे हात आता माझ्याखाली अडकले. शपथ मागे घ्यावी तर गावासमोर, पाद्रीसमोर, देवासमोर चोर ठरायचा. घेऊ नये तर परक्या बाईचं पोर गावाने पोसायचं, तेही ज्याने गावाचे पैसे वाचवायचे त्याच्याच करणीने. त्याने घाम पुसला.

"मूल अजून जन्मलेलं नाही," तो हळूच म्हणाला. आणि मग मोठ्याने, "उचला तिला! ओढा हातभर तर आहे. पलीकडे ठेवा!"

त्याचे मुलगे धावले. त्यांनी डॉर्कसला दंडाला धरून ओढत काठावर आणलं. पलीकडून ऑल्डरस्टोकवाल्यांनी काठ्या रोखल्या. "पाय तर टाका या बाजूला!" गॅच ओरडला. मघाशी कुरणासाठी उगारलेल्या त्याच काठ्या आता एका बाईला अडवायला उगारलेल्या होत्या. ती ओरडत होती, "मावशी, मला नका नेऊ देऊ, मावशी!"

आणि तिने मला मिठी मारली.

मला लोकांनी झोडपलं होतं, माझ्यावर पोरं आपटली होती, कुत्र्यांनी करायचं तेही केलं होतं. मिठी कोणी मारली नव्हती. तिची नखं माझ्या कोरलेल्या अक्षरात रुतली. मुलगे ओढत होते, ती सोडत नव्हती. तेव्हा एकदाच मला वाटलं की आपण अजून खोल पुरलेले असायला हवं होतं. ट्रस्कॉटने मला घाईत पुरलं होतं. मी हललो. खरंच हललो, बोटभर कललो. मी उपटलो असतो तर ती ओढ्यात गेली असती.

"नेड, बघत काय बसलास? पाय धर तिचे!"

नेड पुढे आला. तिच्या पायांशी वाकला. मग सरळ झाला, आणि वळून माझ्यामागे येऊन उभा राहिला, दोन्ही हातांनी मला रेटून. "माझ्याच्याने नाही व्हायचं, मालक," तो म्हणाला. "सकाळी एकदा केलं, तेवढं बास."

मर्सीने ट्रस्कॉटच्या थोरल्या मुलाच्या थोबाडीत दिली. बाकीच्या बायका आपले झगे सावरत आल्या आणि आमच्याभोवती कडं करून उभ्या राहिल्या. मग पुरुषांना पाठ फिरवण्यावाचून इलाज उरला नाही. दोन गावांचे पुरुष, ओढ्याच्या दोन काठांवर, एकमेकांकडे पाठ करून उभे. इतकं शहाणपण मी त्यांच्यात पहिल्यांदाच पाहिलं.

मूल जन्मलं ते माझ्या पायथ्याशी, मार्लकूमच्या अंगाला. मुलगी. निळी पडलेली, आवाज नाही. मर्सीने तिला उलटी धरून चापट मारली. काही नाही. ओढ्याचं पाणी शिंपडलं. काही नाही. डॉर्कस मला टेकून विचारत होती, "रडत का नाही? मावशी, ती रडत का नाही?"

मग मर्सीने त्या पोरीचं एवढंसं बूड माझ्या थंडगार माथ्यावर टेकवलं. आपटलं नाही, नुसतं टेकवलं. आणि पोरीने असं भोकाड पसरलं की ऑल्डरस्टोकच्या काठावरच्या सगळ्या माना वळल्या.

"घ्या," मर्सी म्हणाली, आणि तिचे डोळे वाहत होते. "शिवेवर आपटून झाली. आता ही मार्लकूमची. आयझॅक, साक्ष देशील ना म्हातारपणी?"

ट्रस्कॉटने माझ्याकडे पाहिलं. कुरण, शपथ, पोर. मग मान खाली घातली आणि म्हणाला, "दगड खरा आहे."

पाद्रीबाबांनी तिथेच ओढ्याच्या पाण्याने तिला नाव दिलं, टॅमसिन. आडनाव काय लावायचं? बापाचं कोणी विचारलं नाही. त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "स्टोन." माझं नाव लावणारं जगात कोणी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

डॉर्कस मर्सीच्या घरी राहिली. पण ती माझ्याकडे पुन्हा कधी फिरकली नाही. ओढ्यावर यायचं झालं तरी लांबच्या वाटेने यायची. मी तिला दोष देत नाही. टॅमसिन मात्र यायची. शीव फिरायच्या दिवशी सगळे मला झोडपायचे, आणि ती काठी खाली ठेवून माझ्यावर तळवा ठेवायची. म्हातारी झाल्यावरही. एका मे महिन्यात ती आली नाही. तिला टेकडीखालच्या चर्चच्या आवारात पुरल्याचं मला मेंढपाळांच्या बोलण्यातून कळलं. मार्लकूमच्या मातीत, मार्लकूमची म्हणून.

आता ना कारभारी उरले, ना तो कायदा. कुरणात कोणाच्या तरी गाई चरतात. ओक पडला, त्याचं खोड उरलं आहे. माझ्या अंगावर शेवाळ चढलंय आणि अक्षरं पुसट झालीत. गेल्या महिन्यात गावच्या इतिहास मंडळाची माणसं आली. भली माणसं, थर्मासमधला चहा पिणारी. खोडापाशी खणताना त्यांना माझा जुना खळगा सापडला. काय आनंद झाला त्यांना! "दोनशे वर्षांची चूक!" एकजण म्हणाला. "दुरुस्त करायलाच हवी."

त्यांचं बरोबर आहे. मी चोरीचा दगड आहे, चुकीच्या जागी उभा आहे. हे मला त्यांच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. कुरण हवं तर ऑल्डरस्टोकला द्या, ट्रस्कॉटचं नाव हवं तितकं बदनाम करा, मी एका शब्दाने आड येणार नाही.

पण मला ओकखाली नेऊ नका. मी तिथे गेलो तर टॅमसिन शिवेबाहेर जन्मली असं होईल. तिला बाहेर काढायला एकदा सगळी माणसं झटली होती, आणि तेव्हा ती निघाली नाही. मला इथेच खोटा राहू द्या.