उजवीकडचं स्टूल

"हनुवटी हलवू नकोस म्हटलं ना! दगड आहेस का? नाही, दगड बरा, तो निदान हलत तरी नाही!"

बाबा माझ्या उजव्या कानात ओरडले. मी हनुवटी टेकवायच्या पट्टीवरून डोकं उचललं आणि बटण टेबलावर आपटलं.

"मग दगडालाच बसवा. मी उठतो."

"ऊठ. शाळेतून उठलास, आता इथूनही ऊठ. दुसरं येतं काय तुला?"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अहो, आज तरी जीभ आवरा. दुपारी भाषण आहे तुमचं."

भाषणापायीच तर हे सगळं. माणसाची नजर कुठं जाते, लक्ष कशावर टिकतं, यावर बाबा संशोधन करतात. त्यांचा एक पेपर लई गाजलाय. स्क्रीनच्या मधोमध फुलीकडे बघत बसायचं, डावीकडे किंवा उजवीकडे ठिपका चमकला की बटण दाबायचं. माणूस उजवीकडचा ठिपका आधी टिपतो, असं त्यात निघालं. गाडीत धोक्याचा दिवा कुठं लावावा, इथपर्यंत लोकांनी त्याचा आधार घेतलाय. किती जणांनी त्या पेपरचा उल्लेख केला, तो आकडा बाबा रोज दाढीच्याही आधी बघतात. आकडा वाढला की तो दिवस मला बरा जातो.

आणि परवा चष्मिषचा फोन आला. चष्मिष म्हणजे बाबांची जुनी विद्यार्थिनी. तिनं तोच प्रयोग कितीतरी जास्त माणसांवर केला आणि डावं-उजवं सारखंच निघालं. ती ते छापणार होती. म्हणून आज भरल्या सभागृहात बाबा तिची सालटी काढणार होते. तिची नोकरी अजून पक्की नाही. बाबा एकदा 'हलगर्जी' म्हणाले की तिला कोण विचारणार?

त्याआधी स्वतःची खात्री म्हणून सकाळी सकाळी मला मागच्या खोलीत बसवलं. खिडक्यांना काळे पडदे, एक स्क्रीन आणि उजवीकडे बाबांचं स्टूल. लोक पेंगतात म्हणून प्रयोग चालू असताना ते कायम शेजारी बसतात. प्रयोगशाळेतही तसंच, कारण तिथं डावीकडे भिंत आहे.

"बघ," बाबा स्क्रीनवर बोट आपटत म्हणाले, "इतका चुळबुळ्या तू, तरी तुझंही उजवंच पुढे. तिनं माणसं धड बसवलीच नसणार."

माझं डोकं फिरलं. "पुढे असणारच! त्या बाजूला तुम्ही बसून गुरगुरताय. आता ओरडतील, मग ओरडतील, अर्धा जीव तिकडेच! कुत्रं बांधलंय त्याच बाजूला लक्ष जाणार ना माणसाचं!"

कुत्रं जरा जास्तच झालं. स्वयंपाकघरातली भांडी गप्प झाली. मी गालावर हात ठेवून तयारच होतो.

पण बाबा नुसते स्टुलाकडे बघत राहिले. मग उठले, स्टूल उचललं आणि माझ्या डावीकडे आणून ठेवलं.

"बस," ते म्हणाले. आवाज एकदम खाली. ओरडले असते तर परवडलं असतं.

मी बसलो. फुली, ठिपका, बटण. फुली, ठिपका, बटण. शेवटी बाबांनी आकडे काढले. आता डावं पुढे.

"एका पोरावरून काही ठरत नाही," ते पुटपुटले. "अगं, जरा ये इकडे."

"दूध ठेवलंय मी."

"बंद कर ते!"

आई पदराला हात पुसत आली, हनुवटी टेकवली. बाबा आधी उजवीकडे बसले, मग डावीकडे. दोन्ही वेळा सारखंच. कुठलीच बाजू पुढे नाही.

"मी शेजारी बसलोय हे तुला कळत तरी होतं का?" बाबांनी विचारलं.

"तुमच्याकडे लक्ष द्यायचं मी कधीच सोडलंय," आई म्हणाली.

मला हसू फुटलं. बाबांना नाही. त्यांचे विद्यार्थी त्यांना किती टरकतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या पेपरातल्या प्रयोगाला सगळे त्यांचेच विद्यार्थी बसवले होते.

त्यांनी चष्मिषला फोन लावला. स्पीकरवर तिचा आवाज आधीच रडवेला. "सर, मी सगळं तुमच्या पेपरात लिहिलंय तसंच केलं."

"प्रयोग चालू असताना तू कुठे बसायचीस?"

"बाहेर, काचेपलीकडे. का? तुम्ही आत बसायचात?"

बाबा म्हणाले, "शेजारी. उजवीकडे. ते लिहावं असं कधी वाटलंच नाही."

पलीकडून मग हळूच, "सर, मग त्या पेपरचं काय?"

"बहुतेक तू बरोबर आहेस. दुपारी मीच सांगतो. पुढे बस, सगळ्यांना दिसशील अशी."

फोन ठेवला. भाषणाचे कागद चुरगाळून टोपलीत टाकले. मी पाणी दिलं, ते उभ्यानंच प्यायले.

"तू पण चल," माझ्याकडे न बघताच म्हणाले. "आणि उजवीकडे बसू नकोस. समोर बस."

गाडीचा हॉर्न वाजतोय, आता चौथ्यांदा. आई माझा शर्ट घेऊन दारात उभी आहे. मला निघायलाच हवं.